गाडीत एक थेंबही जाणार नाही

६ जुलै, रविवार, संध्याकाळ

शेजारच्या वजनमाप्याने पन्हाळ परत आमच्या अंगणाकडे वळवलंय. त्याच्या छपरावरचं सगळं पाणी आमच्या गाडीच्या टाळक्यावर. विचारलं तर भिंतीवरून म्हणतो, वहिनी, पाणी उताराकडे जातं. उतार काय मी खणला? जन्मभर सरकारी खर्चाने दुकानदारांचे तराजू तपासत हिंडला आणि रिटायर होऊन आता आमचं अंगण तपासतो.

हे आधी लिहून टाकलं. आता डायरीला नमस्कार. डायरी गेल्या वर्षीची आहे. सून दातांच्या डॉक्टरकडे काउंटरवर बसते, तिथून आलेली. प्रत्येक पानावर एक दात हसतोय. वारही गेल्या वर्षीचे, आज शनिवार म्हणते. मी खोडून रविवार केला. रविवार कधी असतो ते मला डायरीने शिकवू नये.

रविवारी भोपळ्या येतो. भोपळ्या म्हणजे नातू. जन्मला तेव्हा नुसतं डोकंच होतं, म्हणून मी नाव ठेवलं. आता साहेब झालाय, तरी डोकं आहे तेवढंच आहे. शहरात नोकरी, तिथेच खोली, पण गाडी ठेवायला जागा नाही. म्हणून गाडी आमच्याकडे. लाल, बसकी, बेडकासारखी. एवढी महाग आणि सीटा दोनच. इंजिन मागे, सामान पुढे. ज्याने बनवली त्याने कागद उलटा धरला असणार.

आठवडाभर उभी राहिली तर बिघडते म्हणून भोपळ्या रविवारी येऊन चालवतो. गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं नि परत यायचं. मी शेजारी बसते. मला हौस नाही. गाडी हलकी आहे, एकाच बाजूला माणूस बसला तर कलते, म्हणून दुसऱ्या बाजूला वजन लागतं. पहिल्या दिवशी भोपळ्यानेच सांगितलंय. वजनमाप्या म्हणतो असं काही नसतं, तुमचा नातू थट्टा करतो. याला तराजू कळतो, गाडी कळत नाही.

आज चक्कर झाल्यावर भोपळ्याने मागचं झाकण उघडलं. त्या झाकणाला जाळीसारख्या फटी आहेत. इंजिनावर पाणी. एका बोल्टवर तांबूस डाग. बोट फिरवून बघत बसला, ताप आलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवतात तसं. म्हणाला, आजी, इथे गंजणार ही. ऑफिसजवळ एक बंद गॅरेज मिळतंय, तिकडे हलवतो.

मी म्हटलं, गंजायला मी मेलेय का? तुझा बाप जहाजावर आहे. त्याचं जहाज बारा महिने पाण्यात उभं, ते चालतं, आणि ही माझ्या अंगणात गंजेल? एक थेंब आत जाणार नाही.

हो-ना करत कबूल झाला. महिनाअखेर बघू म्हणाला. कोरडी राहिली तर इथेच राहील. त्याने कव्हर घातलं, म्हणाला एवढं घालत जा, ऊन पडलं तर काढ, दुसरं काही करू नकोस. म्हणजे बाकीचं सगळं मी बघायचं.

तसं गाडी गेली काय नि राहिली काय, मला काही फरक नाही. अंगण मोकळं होईल. पण शब्द दिलाय.

८ जुलै

कव्हर कापडाचं आहे. ओतून बघितलं, पाणी झिरपतं. सुनेला दाखवलं तर म्हणते, अहो आई, ते मुद्दाम तसं असतं, गाडीला हवा लागते, ती श्वास घेते. श्वास घ्यायला ती काय गाय आहे? शिकलेल्या बाईला काय वाट्टेल ते विकतात.

वरून जाड प्लॅस्टिक घातलं. गच्चीवरचं, पाण्याच्या टाकीखाली पसरायचो ते. कपड्यांच्या दोरीने चारही बाजूंनी आवळलं, खाली विटा. आता मुंगी शिरून दाखवू दे.

कपडे घरात वाळत घातलेत. सुनेचं तोंड वाकडं. होऊ दे.

९ जुलै

पाऊस. गाडी मजेत.

११ जुलै

दुपारी थोडं ऊन होतं म्हणून एक कोपरा उचलून बघितला. प्लॅस्टिकला आतून घाम. टपोरे थेंब, हात लावला की खाली ठिबकतात. वरून कोरडं आणि आतून ओलं. अशी वस्तू मी उभ्या जन्मात बघितली नव्हती. वजनमाप्याचाच हात असणार. भिंतीवरून झारीने ओततो की काय कोण जाणे.

वजनमाप्या म्हणाला, वहिनी, मातीतली ओल वर येते आणि प्लॅस्टिकखाली अडकते, जरा फट ठेवा. म्हणजे याच्या पन्हाळाला वाट करून द्या. मी ओळखून आहे त्याला! दोरी आणखी आवळली.

मागचं झाकण उघडायची कळ दाराजवळ आहे, भोपळ्याने दाखवली होती. उघडलं. इंजिनावर पाणी होतंच. पुसलं आणि वर जुनी रजई घातली. कडेने मुलाचे जुने स्वेटर नि लोकरीचे मोजे कोंबले. लोकर पाणी पिते. माणूस जगतो त्यात, तर इंजिनाला काय धाड भरलीय.

झाकण बसेना. वर बसले, बसलं.

१३ जुलै, रविवार

भोपळ्याचा फोन आला. मला त्याने एक फोन घेऊन दिलाय, तो फडताळावर असतो. मी उचलत नाही. ओल्या हाताने पाच-पाच मिनिटं त्या काचेशी काय बोलायचं? सून उचलते, मी आतून ओरडून सांगते. ऐकू जातं त्याला. त्याच्या शेजाऱ्यांनाही जात असेल.

ऑफिसचं काम आहे, आज जमत नाही म्हणाला. गाडी कशी आहे विचारलं. मी ओरडले, खडखडीत कोरडी आहे म्हणावं, तू कशाला धावतपळत येतोस! सून म्हणाली, तो म्हणतोय बरं झालं आजी, माझी काळजी मिटली.

काळजी मिटवली त्याची. हेच तर करायचं होतं.

चहाचं मोठं भांडं चढवलं होतं. सवयीने. उरलेला झाडाला घातला. झाडाला काही त्याचं कौतुक दिसलं नाही.

१४ जुलै

काल गाडीत कुणी बसलं नाही. वजनाची सवय मोडली तर पुढच्या वेळी कलायची. प्लॅस्टिक एका बाजूने सोडून दार उघडलं आणि माझ्या सीटवर बसून राहिले. आत भट्टीसारखं गरम, काचांवर धुकं. कुबट वास येतोय. नवीन वस्तूला वास असतोच. गाडी नवीन नाही ही गोष्ट निराळी.

डोळा लागला. सून दवाखान्यातून आली आणि आई आई करत घरभर हिंडली म्हणे. मी गाडीतून हॉर्न वाजवला. तिने पिशवी टाकली हातातली.

१६ जुलै

चोर सापडला!

रजई बदलायला गेले. भिजून एवढी जड झालेली की दोन्ही हातांनी ओढावी लागली. म्हणजे काम करतेय बिचारी. तर इंजिनाच्या खाली पत्र्याचा ट्रे आहे, आणि त्या ट्रेच्या कोपऱ्यांत भोकं! सरळ खालची माती दिसते. कारखान्यातल्या लोकांनी बुजवायचीच विसरली. वरून मी जिवाचं रान करतेय आणि पाणी खालून येतंय.

फाटक्या चादरीच्या चिंध्या केल्या, उलथन्याच्या दांड्याने भोकांत ठासल्या. वरून मेणबत्ती पेटवून मेण ओतलं. हात भाजला थोडा. काम मात्र असं झालंय की कंपनीने येऊन बघावं.

वजनमाप्या भिंतीवर हजर. म्हणतो, वहिनी, ती भोकं पाणी बाहेर जायला ठेवलेली असतात. मी म्हटलं, पाणी काय पाटी वाचून जातं? ज्या दारातून बाहेर जाता येतं त्याच दारातून आत येता येतं. तुम्हीच नाही का रोज भिंतीवरून येत. गेला मग.

१९ जुलै

सून म्हणते वाटेत पाणीच पाणी आहे. चप्पल हातात घेऊन आली. मी म्हटलं आमच्या गाडीत बघ, एक थेंब दिसेल तर सांग. बघायला आली नाही. तिला खात्री आहे.

मीही उघडलं नाही. सारखं उघडलं की ओल जाते आत.

२० जुलै, रविवार

आला. न सांगता आला. सकाळी फाटक वाजलं तेव्हा माझ्या हातात केरसुणी. प्लॅस्टिक बघून म्हणाला, हे काय आजी, पार्सल केलंस का? मी म्हटलं आधी चहा घे. त्याला आत बसवला, सुनेला सांगितलं बिस्किटं शोध, आणि मी मागे पळाले. रजई काढली, स्वेटर काढले, सगळं कोळशाच्या खोलीत टाकलं. ट्रेकडे बघायला वेळ नव्हता. झाकण लावलं. बिस्किटं संपेपर्यंत मी पदराला हात पुसत दारात उभी. या वयात एवढं पळणारी दुसरी बाई दाखवावी.

गाडी चालू व्हायला वेळ लागला. खोकली. मी म्हटलं, दोन आठवडे बोलली नाहीये, घसा बसलाय. हसला.

मी बसले वजनाला. टाकीपर्यंत गेलो नाही. पुलाच्या अलीकडे मागून करपल्याचा वास यायला लागला. भोपळ्या नाक वर करून हुंगतोय. लोकर जळल्यासारखं वाटतंय म्हणाला. मी म्हटलं कुणीतरी कचरा पेटवला असेल. भर पावसात? म्हणाला. मी म्हटलं, लोकांना काय कळतं! एक मोजा राहिला असणार आत. मुलाचे मोजे पहिल्यापासून असेच, कुठेही राहतात.

मग समोर एक पिवळा दिवा लागला. गाडी उचक्या देत थांबली, परत चालू झाली, परत थांबली. भोपळ्याचं डोकं भिजलं खाली उतरून. मागचं झाकण उघडायला निघाला. मी ओरडले, एवढ्या पावसात उघडतोस? सगळं पाणी आत जाईल! त्याला पटलं. कशीबशी घरी आणली.

दिवा पहिल्यापासून आहे असं मी सांगितलं. नव्हता म्हणाला. मी म्हटलं तू पुढे बघत असतोस, मी दिवेच बघत असते.

चांगला दोन-अडीच तास बसतो नेहमी, आज उभ्या-उभ्या गेला. मेकॅनिक पाठवतो म्हणाला महिनाअखेर. गाडीकडे मागे वळून बघत गेला. मी फाटकात होते ते त्याला दिसलं नसेल. पाऊस होता.

आता कसून लागायला हवं. उद्यापासून रोज सकाळी पाहणी.

२१ जुलै

पाहणी झाली नाही. गुडघा.

२३ जुलै

देवाने सून दिली ती एका गोष्टीसाठी. तिच्या दवाखान्यात औषधांच्या डब्यांत बारक्या पुड्या असतात, ओल ओढून घेणाऱ्या. तिने मूठभर आणल्या. म्हणाली, आई, या ठेवा गाडीत सीटखाली, पण ते प्लॅस्टिक तेवढं काढा हो. प्लॅस्टिकचं मला ऐकू आलं नाही.

पुड्या केवढ्याशा! त्या इंजिनाच्या दाढेलाही पुरायच्या नाहीत. पण विचार सुरू झाला. ओल ओढतं कोण? मीठ. पावसाळ्यात बरणीतलं मीठ चिकट होतं ते कशाने? हवेतलं पाणी पितं म्हणून. ही अक्कल त्या पुडीवाल्यांनी माझ्यासारखीच्या स्वयंपाकघरातून नेली असणार आणि वर इंग्रजीत लिहिलं असणार.

दोन उशांचे अभ्रे उसवले. पिशव्या शिवल्या. दुकानातून जाडं मीठ आणलं. वाणी विचारतो, आजी, लोणचं घालताय की माणूस पुरताय? मी म्हटलं, तुझा नंबर लावू का?

पिशव्या इंजिनाच्या चारही बाजूंना बांधल्या. वायरी आहेत पुष्कळ, बांधायला सोयीचं पडलं. ट्रेमध्ये थोडं पाणी साचलेलं दिसलं. त्यातही दोन मुठी टाकल्या, ते पिऊन टाकेल.

२५ जुलै

पिशव्या ओल्याचिंब! थेंब थेंब गळताहेत. एवढं पाणी होतं तिथे, आणि मी मेली रजया घालत बसले होते. मीठ बदललं. जुनं नवीन पिशव्यांवरच ओतलं, वाया कशाला घालवायचं.

मुलाचा जहाजावरून फोन होता. सुनेने त्याला सांगितलं असावं, कारण ती फोन घेऊन आली नि म्हणाली, ते म्हणताहेत आई, मीठ कशालाही लाव पण लोखंडाला लावू नको, इथे आम्ही दिवसभर खरवडत असतो. मी ओरडले, तुझं जहाज समुद्रात आहे, माझं मीठ पिशवीत आहे! फरक कळत नाही आणि समुद्रावर पाठवतात.

२७ जुलै, रविवार

आला नाही. येणार नव्हताच, सांगून गेला होता. सांगून गेला नव्हता खरं म्हणजे, पण दिसत होतं.

फोन वाजला. सुनेने उचलला. मी आतून, सांग त्याला कोरडी ठणठणीत आहे, महिनाअखेर माणूस पाठव म्हणावं, बघून तोंडात बोट घालेल. सून हळूच काहीतरी बोलत होती त्याच्याशी. मी भांडं आपटलं तेव्हा गप्प बसली.

संध्याकाळी माझ्या सीटवर बसले थोडा वेळ. सीटलाही जरा ओल आलीय. पुढच्या रविवारी टाकीपर्यंत जाऊ. टाकीच्या पुढे रस्ता चांगला आहे म्हणतात, मी कधी बघितला नाही. तिथपर्यंत नेईन म्हणाला होता एकदा. गाडीचं इंजिन जरा जास्त तापायला हवंच, आत सुकतं सगळं. गाडीच्या भल्यासाठी.

३१ जुलै

मेकॅनिक आला. जाडा, एका कानात फोनचं बोंड, त्यात कुणाशी तरी बोलत होता आणि मध्येच माझ्याशी. कुठलं माझं कुठलं त्याचं कळेना. प्लॅस्टिक सोडलं तेव्हा वास आला. त्याने नाक धरलं. नाजूक आहेत हल्लीचे मेकॅनिक.

झाकण उघडलं आणि कानातल्या माणसाला म्हणाला, तुला नंतर फोन करतो.

खरं लिहायचं तर मलाही जरा नवल वाटलं. ट्रे काठोकाठ भरलेला. तांबडं पाणी, गेरू कालवल्यासारखं. पिशव्या त्यात लोंबताहेत. बोल्टांना पापुद्रे सुटलेत, बोट लावलं की निघतात. वायरींच्या जोडांवर हिरवं. आणि सगळ्यावर पांढरी साय.

त्याने ती साय बोटावर घेतली. चाखली नाही एवढंच. मावशी, हे मीठ आहे का? म्हणाला. मी म्हटलं समुद्राची हवा. समुद्र कुठे आहे इथे? म्हणाला. मी म्हटलं माझा मुलगा जहाजावर असतो.

त्याने बोट विजारीला पुसलं.

मग उलथन्याने चिंध्या उपसल्या. माझंच उलथनं, न विचारता. भक् करून सगळं पाणी खाली गेलं, त्याच्या बुटांवर. वजनमाप्या भिंतीवर होता. मी वाटच बघत होते तो काय बोलतो त्याची. मान खाली घालून घरात गेला. माणसाने शत्रुत्वही धड निभावू नये?

मेकॅनिकने फोनवर व्हिडिओ काढून भोपळ्याला पाठवला. मी म्हटलं चांगल्या बाजूने काढ. चांगली बाजू कुठली? म्हणाला.

पन्हाळामुळे झालंय हे उघड आहे. त्याला लिहून ठेवायला सांगितलं. त्याने लिहिलं नाही.

३१ जुलै, थोड्या वेळाने

भोपळ्याचा फोन. सुनेने उचलला. मी दाराआड. सून नुसतं हं हं करत होती. ठेवल्यावर मी विचारलं, किती बोंबलला? काही नाही बोलला, म्हणाली. एवढंच विचारलं की आजीने हाताला काही भाजून घेतलं नाही ना, मेण दिसतंय व्हिडिओत.

रागावला असता तर मी ऐकवलं असतं. माझी तयारी होती. पन्हाळ, कारखाना, भोकं, सगळं पाठ केलं होतं. हा रागावलाच नाही.

असलं थंड डोकं आमच्या घरात कुणाचं नव्हतं. एवढं मोठं आहे, थंड व्हायला वेळ लागायला हवा.

३ ऑगस्ट, रविवार

टेम्पोसारखी एक उघडी गाडी आली, पाठीवर गाडी घेणारी. भोपळ्या पुढे ड्रायव्हरशेजारी बसून आला. म्हणजे रविवारी आला. मी म्हटलं होतंच सुनेला.

साखळीने ओढून वर चढवली. चढताना मागून तांबडं पाणी गळत होतं, अंगणभर रेघ. मी भोपळ्याला म्हटलं, चालव हळू, शेजारी वजन नाही. म्हणाला, आजी, ती टेम्पोवर आहे, कलणार नाही. मी म्हटलं कलली तर मला सांगायचं नाही.

मग म्हणाला, ते वजनाचं मी गमतीने म्हटलं होतं. तू पहिल्या दिवशी बसायलाच तयार नव्हतीस म्हणून.

मला माहीत होतं. नव्हतं माहीत असं मी कुठे म्हटलंय? बसले ती त्याला बरं वाटावं म्हणून.

दुरुस्तीला बरेच दिवस लागतील म्हणाला. मग ती ऑफिसजवळच्या गॅरेजमध्ये राहील. प्लॅस्टिकची घडी त्यानेच घातली, दोरी गुंडाळून ठेवली. माझा हात उलटा करून भाजलेलं बघितलं. म्हणाला, मी रविवारी बसने येत जाईन आजी.

मी म्हटलं, बसने? दोन बस बदलायच्या, धक्के खायचे, कशासाठी? तुझी गाडी नाही आता इथे. इथे काय ठेवलंय तुझं? झोप काढ रविवारची.

बरं, म्हणाला.

एवढ्या पटकन बरं म्हणायला त्याला कुणी शिकवलं कोण जाणे. लहानपणी एक चमचा औषध घ्यायला तासभर भांडायचा. मी आणखी दोनदा म्हणणार होते, कशाला येतोस, कशाला येतोस. तो दोनदा म्हणणार, येतो गं, येतो गं. मग मी म्हणणार, ये बाबा तुझी मर्जी. असंच होतं नेहमी. मधलं सगळं गाळून हा एकदम शेवटाला गेला, आणि तोही चुकीच्या.

टेम्पोवाल्याला घाई होती.

५ ऑगस्ट

अंगण धुतलं. तांबडी रेघ जात नाही. घासून घासून ब्रशचे केस गेले.

मोकळं छान वाटतं. कपडे बाहेर वाळत घालता येतात. सून खूष असेल. विचारलं, तर म्हणाली, आई, तुम्हीच करा ना फोन त्याला. फोन करायला काय झालंय? त्याला करू दे. कामं नाहीत का मला.

७ ऑगस्ट

वजनमाप्याने स्वतःहून पन्हाळ पलीकडे वळवलं. शिडीवर चढून, या वयात, पावसात. वरून म्हणाला, वहिनी, आता नाही येणार पाणी तुमच्याकडे. आता! मी म्हटलं, आता कशाला वळवलंत, राहू द्यायचं होतं. बिचारा शिडीवरच उभा राहिला.

१० ऑगस्ट, रविवार

डायरी शनिवार म्हणते. आज खोडलं नाही. चालू दे तिचं.

सकाळी चहाचं लहान भांडं ठेवलं. मग मोठं ठेवलं. मोठ्यात चहाला चव येते.

प्लॅस्टिक वाळवायचं म्हणून बाहेर स्टूल घेऊन बसले. गाडी होती तिथली जमीन अजून वेगळी दिसते. मी माझ्या बाजूला स्टूल ठेवलं होतं. मुद्दाम नाही, तिकडे सावली आहे. पाऊस आला तेव्हा उठायला हवं होतं. वजनमाप्या भिंतीवरून म्हणाला, वहिनी, भिजताय. मी म्हटलं, मी काय गंजतेय? म्हणाला, तसं नाही, बस तर येऊन गेली, दुसरी दुपारी आहे. याला बसच्या वेळा कशाला पाठ हव्यात? सगळं मोजत बसतो मेला.

दुपारची बसही गेली. रस्त्यात पाणी असेल. ड्रायव्हर नसेल. त्याला झोप लागली असेल, मीच सांगितलं होतं झोप काढ. नातवंडांनी वडीलधाऱ्यांचं ऐकावं ही चांगलीच गोष्ट आहे.

आता पाच वाजत आलेत. फोन फडताळावरून काढून इथे डायरीशेजारी ठेवलाय, पदराने पुसून. सुनेला बजावलंय, वाजला तर तिने हात लावायचा नाही, आतून ओरडायचंही नाही. मी उचलणार. हिरवं बटण कुठलं ते तिने दाखवलंय.